शब्दांचे गायरान

बीडहून परळीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या वडवणीच्या बाजारपेठेतून कोणी केवळ दुकानांच्या पाट्या वाचीत निघाला, तर साई, बालाजी, तुळजाई, योगेश्वरी, समर्थ, जनता, किसान अशी ठरावीक नावेच आलटून-पालटून त्याच्या दृष्टीस पडावीत. कृषी सेवा केंद्राचे जे नाव तेच कापडदुकानाचे आणि तेच एखाद्या उपाहारगृहाचेही असावे, आणि या नामसाम्यावरून कोणी कोणाशी कधी भांडू नये, हा आपल्या साऱ्याच तालुक्यांच्या गावांचा परिपाठ आहे. नाव देताना कोणाची अनुज्ञा घ्यावी लागते, किंवा रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द कोणा कंपनीच्या मिळकतीत जमा झालेला असू शकतो, ही कल्पना सर्वसाधारण दुकानदारास परकी वाटते, आणि ती तशी वाटावी यात त्याचा काही दोष नाही. भाषा कोणाच्याही खात्यावर नसते, हे त्याने कोणत्याही वकिलास न विचारता गृहीत धरलेले असते. कायदाही बव्हंशी त्याच्याच बाजूचा आहे. मात्र कायदा काय म्हणतो आणि कायद्याच्या नावाने आलेली नोटीस काय म्हणते, या दोहोंत जे अंतर पडते, ते लहान व्यापाऱ्यास फार महाग पडू शकते.

मालावरील खुणेची सरकारी दप्तरात नोंद करून तिला मालमत्तेचे स्वरूप देण्याची आधुनिक पद्धत इंग्लंडात १८७५ च्या कायद्याने रूढ झाली आणि १ जानेवारी १८७६ रोजी बास या मद्य उत्पादकाचा तांबडा त्रिकोण त्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकाने दाखल झाला. त्रिकोणाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. परंतु कारखानदारांची दृष्टी लवकरच आकृत्यांवरून शब्दांकडे वळली, आणि १९०९ साली लंडनच्या अपील न्यायालयापुढे क्रॉसफील्ड या साबण उत्पादकाची अशी मागणी आली, की 'परफेक्शन', म्हणजे परिपूर्णता, हा शब्द आपल्या साबणासाठी राखून ठेवावा. ती मागणी फेटाळताना न्यायमूर्ती कोझेन्स-हार्डी यांनी जे उद्गार काढले, त्यांचा आशय असा, की धनाढ्य व्यापाऱ्यांना भाषेच्या विशाल सामाईक भूमीचा एखादा तुकडा कुंपण घालून आपल्या ताब्यात घेण्याची आणि आजच्या व उद्याच्या सर्व लोकांना तेथे मज्जाव करण्याची नित्य हाव असते.

मराठवाड्यातील वाचकास हा दृष्टान्त उलगडून सांगण्याचे प्रयोजन नाही. गावाच्या शिवारात गायरान असते. सातबाऱ्यावर त्याची नोंद सरकारची, वहिवाट मात्र साऱ्या गावाची. गुरे कोणाचीही चरोत, गवत कोणाच्या नावावर चढत नाही. त्याच गायरानात एखाद्या भूमिहीनाने पोटासाठी पेरलेली पट्टी आणि एखाद्या सधन माणसाने शेजारच्या शेताची मोजणी सरकवून घातलेले तारेचे कुंपण, या दोन गोष्टी महसुली भाषेत एकाच 'अतिक्रमण' या सदराखाली येत असल्या, तरी गावाला त्यांतला भेद पुरता ठाऊक असतो. शब्दांच्या गायरानातही हाच भेद ओळखावा लागतो.

हिंदुस्थानात व्यापारचिन्हांच्या, म्हणजे ज्यास सर्वत्र ट्रेडमार्क म्हणतात त्यांच्या, नोंदणीचा स्वतंत्र कायदा प्रथम १९४० साली झाला. त्याची जागा १९५८ च्या कायद्याने घेतली. आणि सध्या अमलात असलेला १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. यासंबंधीचे मुख्य दप्तर मुंबईत आहे. जगातील यच्चयावत माल आणि सेवा ४५ वर्गांत विभागलेल्या असून, अर्जदाराने आपल्या मालाचा वर्ग नमूद करून, व्यक्तीने अथवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांनी ९,००० रुपये शुल्क भरावयाचे, अशी व्यवस्था आहे. नोंद १० वर्षे टिकते आणि दर १० वर्षांनी नवी करीत गेल्यास तिला अंत नाही. याच कायद्याच्या कलम ९ मध्ये गायरानाची हद्द आखलेली आहे: जो शब्द मालाचा प्रकार, गुण, परिमाण, उपयोग, मूल्य किंवा उत्पत्तिस्थान एवढेच सांगतो, अथवा जो चालू भाषेत वा व्यापाराच्या प्रघातात रूढ झालेला आहे, तो नोंदवून मिळत नाही. 'शुभ्र' हा शब्द कापसासाठी, 'गोड' हा गुळासाठी किंवा 'वडवणी' हा वडवणीच्या ज्वारीसाठी कोणी एकट्याने मागू नये, असा याचा भावार्थ. परंतु त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे, आणि बहुतेक कुंपणे या परंतुकातूनच आत शिरतात: अर्जापूर्वीच्या वापरामुळे त्या शब्दास मालकाची ओळख पटविण्याइतके वैशिष्ट्य प्राप्त झाले असेल, तर नोंदणीस हरकत नाही.

यावरून रोजचा शब्द नोंदविताच येत नाही, असा समज कोणी करून घेईल, तर तो चुकीचा ठरेल. शब्द रोजचा आहे की नाही, यापेक्षा तो कोणत्या मालावर बसविला आहे, हे पाहावयाचे असते. आपल्याकडे उसाच्या फडात, बसस्थानकावर आणि पारावर जी पुडी हमखास निघते, ती संगमनेरच्या मालपाणी यांची 'गाय छाप'. गाय हा शब्द लहान मुलाच्या बोलीतला असला तरी तंबाखूचा आणि गाईचा अर्थाअर्थी काही संबंध नाही, म्हणून तंबाखूवर ती खूण भक्कम आहे, आणि म्हणूनच ती खूण धारण करणाऱ्याला उद्या दूध-तुपाच्या व्यापाऱ्यास 'गाय हा शब्द वापरू नका' असे बजावता येणार नाही. १९३१ साली गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग आरंभिला तेव्हा त्यांनी प्रथम घोडा आणि पुढे उंट यांची नावे घेतली. शाईची प्रशंसा करणारा एखादा शब्द घेण्याऐवजी शाईशी सुतराम संबंध नसलेली जनावरे निवडण्यात त्यांची व्यापारी दूरदृष्टी दिसते, आणि 'कॅम्लिन' हे नाव त्याच उंटाच्या पोटी जन्मले. वर्गांची ही विभागणी नसती, तर १९१७ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या आयुर्वेदिक औषधांच्या 'बैद्यनाथ'ने आणि परळीजवळच्या 'वैद्यनाथ' सहकारी साखर कारखान्याने एकमेकांकडे कसे पाहिले असते, याची कल्पनाच केलेली बरी. प्रत्यक्षात ज्योतिर्लिंगाचे नाव काढ्यावरही नांदते आणि साखरेच्या पोत्यावरही.

वर्गाच्या आतही मालकी किती दूर पोचते, याचा निर्णय देणारा एक महत्त्वाचा खटला आपल्या जुन्या राजधानीतला आहे. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाच्या नाण्यांवर चारमिनारची आकृती होती, आणि १९३० साली हैदराबादेत स्थापन झालेल्या वझीर सुलतान टोबॅको कंपनीच्या स्वस्त, तिखट सिगारेटचे नावही 'चारमिनार' असेच होते. मराठवाड्यातील दोन-तीन पिढ्यांना 'चारमिनार' म्हटले की १५९१ साली उभारलेल्या त्या वास्तूच्या आधी पाकीट आठवे, हे त्या कंपनीच्या व्यापारी यशाचे गमक मानावे लागेल. कंपनीने हे नाव 'तंबाखूचा तयार माल' अशा विस्तृत शीर्षाखाली नोंदविले होते. प्रत्यक्षात मात्र ती सिगारेटच काय ती करीत असे. पुढे विष्णुदास किशनदास या नावाने चालणाऱ्या पेढीने जर्दा आणि किमाम 'चारमिनार' या नावाने विकावयास घेतला, आणि वाद वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला तो असा, की ज्याने केवळ सिगारेट बनविली त्याने सबंध तंबाखूवर हक्क सांगू नये. जो माल तो करीत नाही व करण्याचा त्याचा मनोदयही दिसत नाही, त्यापुरती त्याची नोंद आकुंचित करणेच न्याय्य होय. नोंदवहीत विस्तृत शीर्ष लिहून घेणे आणि प्रत्यक्ष वहिवाट करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व आमच्या तलाठ्यांना पूर्वापार ठाऊक होते. व्यापारचिन्हांच्या क्षेत्रात त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर त्या दिवशी उमटली.

याहून अधिक बोधप्रद, आणि चहाच्या प्रत्येक टपरीवर ज्याचा पुरावा ठेवलेला असतो, असा इतिहास पार्ले बिस्किटाचा आहे. मुंबईच्या विलेपार्ले या उपनगरात १९२९ साली निघालेल्या या कारखान्याने गावाचेच नाव घेतले. गावाचे नाव वस्तुतः कलम ९ च्या दृष्टीने दुबळे, परंतु दीर्घ वापराने ते इतके बळावले, की आज 'पार्ले' म्हणताच बिस्कीट आधी आठवते आणि लोकलगाडीचे स्थानक मागाहून. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर निघालेल्या त्यांच्या बिस्किटाचे नाव होते 'पार्ले ग्लुको'. आता ग्लुकोज हा तर एक शर्करापदार्थ, रसायनशास्त्राच्या पुस्तकातला शब्द. तो कोणाच्या मालकीचा? त्यामुळे गल्लोगल्ली ग्लुकोज बिस्किटे निघाली आणि 'ग्लुको' या शब्दावर भिस्त ठेवलेल्या कंपनीस त्या शब्दाच्या बळावर कोणालाही थांबविणे शक्य होईना. १९७२ साली म्हैसूरच्या एका उत्पादकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात ती जिंकली खरी, परंतु ती जिंकली वेष्टनावर, नावावर नव्हे: दोन्ही वेष्टनांवर शेतवाडीचे दृश्य, मध्ये एक मुलगी आणि भोवती गाई-कोंबड्या, आणि दुकानात उभा असलेला ग्राहक काही दोन पुडे शेजारी ठेवून तुलना करीत बसत नाही, एवढ्यावर निकाल झाला. अखेर १९८० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने ग्लुको हा शब्द सोडला, त्याचे आद्याक्षर तेवढे राखले आणि 'पार्ले-जी' हे नाव घेतले. सामाईक शब्दाचा आश्रय सोडून केवळ एका अक्षरावर उभे राहण्याची वेळ आली आणि तेच अक्षर देशभर दुमदुमले, हा दैवाचा विनोद म्हणावा की व्यापाराचा, ते वाचकांनी ठरवावे.

गुणवाचक शब्दांवर हक्क सांगू पाहणाऱ्यांचे पुढे न्यायालयांत काय झाले, त्याची वार्ता बहुशः एकाच सुरातली आहे. करडईच्या तेलावर ख्याती पावलेल्या 'सफोला'ची उत्पादक, मुंबईची मॅरिको, हिने 'लो-सॉर्ब' हा शब्द नोंदवून घेतला होता आणि 'सनड्रॉप'च्या डब्यावर 'लो अ‍ॅब्सॉर्ब' असे लिहिणाऱ्या कंपनीस न्यायालयात खेचले. तळताना पदार्थ तेल कमी पितो, एवढेच ज्या शब्दाने सांगितले जाते, त्याचे स्पेलिंग वाकडे केल्याने तो नवनिर्मित ठरत नाही, असे २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सुनावले. 'मसाला' शब्दास 'मॅजिक' जोडून त्यावर स्वामित्व सांगणाऱ्या आयटीसीला २०२० साली मद्रास उच्च न्यायालयाने तेच सांगितले. मुंबई उच्च न्यायालयात २०१६ साली 'शादी' या शब्दावरून वाद आला. विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळाने विवाहवाचक शब्दच आपला म्हणावा आणि दुसऱ्या विवाहाची स्थळे सुचविणाऱ्यास तो वापरू देऊ नये, ही मागणी न्यायमूर्तींना अंतरिम टप्प्यावर पटली नाही. आणि ज्याचा उच्चार हल्ली भाजीच्या गाड्यावरही ऐकू येतो ते 'पे' हे अक्षर! फोनपेने भारतपेविरुद्ध या एका अक्षरासाठी दावा मांडला, दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये मनाई हुकूम नाकारला, आणि मे २०२४ मध्ये उभयतांनी आपसांत समेट करून सारी प्रकरणे मिटविली.

देवादिकांची आणि धर्मग्रंथांची नावे ही या गायरानातली देवराई समजावी लागेल. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी कोणा एकाचे होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. आणि कर्नाटकच्या दूध महासंघाच्या 'नंदिनी'ने उपाहारगृहाच्या 'नंधिनी'स घेतलेली हरकत २०१८ साली अमान्य करताना, नंदिनी हे देवतेचे व कामधेनूच्या कुळातील गाईचे नाव आहे, कोणी घडविलेला शब्द नव्हे, ही गोष्ट त्याच न्यायालयाने विचारात घेतली. ज्या जिल्ह्यात दर तिसऱ्या दुकानावर अंबाजोगाईची योगेश्वरी किंवा परळीचा वैद्यनाथ विराजमान असतो, त्या जिल्ह्यास या निकालांनी हायसे वाटावे.

एवढे सगळे निकाल सामान्य माणसाच्या बाजूचे असताना मग भय कशाचे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. भय निकालाचे नसते. निकालापर्यंत पोचण्याचे असते. कलम १३४ अन्वये व्यापारचिन्हाच्या उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात चालत नाही, आणि साधारण दिवाणी दाव्याच्या उलट, येथे वादी आपण जेथे राहतो वा व्यापार करतो तेथेही दावा लावू शकतो. एखाद्या मुंबईकर कंपनीने मुंबईतल्याच चित्रपटगृहाच्या मालकावर दिल्लीत दावा लावावा, असा प्रकारही घडून गेलेला आहे. स्वामित्वहक्काच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अशा दूरच्या दाव्यांना आळा घातला, हे खरे, परंतु वडवणीच्या दुकानदारास मुंबई हीच मुळात दूर. त्याच्या हाती इंग्रजीतील नोटीस पडते, तीत १५ दिवसांची मुदत, नुकसानभरपाईची रक्कम आणि फौजदारीचा इशारा असतो, आणि पाटी बदलण्याचा खर्च वकिलाच्या पहिल्या तारखेच्या फीपेक्षा कमी भरतो. तो पाटी बदलतो. अशा रीतीने न्यायालयाने कधीही मान्य केले नसते असे कुंपण टपालाच्या एका पाकिटाने उभे राहते, आणि निकालांच्या ग्रंथांत त्याची नोंदही होत नाही.

वस्तुतः त्याच कायद्यात त्या दुकानदाराची बाजू लिहिलेली आहे. कलम ३० सांगते, की मालाचा गुण, प्रकार वा स्थान दर्शविण्यासाठी केलेला शब्दाचा वापर हे उल्लंघन नव्हे; कलम ३५ प्रमाणे प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्यास अडविता येत नाही; कलम ३४ जुन्या वहिवाटीचे रक्षण करते; आणि कलम १४२ तर असे म्हणते, की निराधार धमकी देणाऱ्यावर ज्याला धमकी दिली त्यानेच उलट दावा आणावा. जुन्या वहिवाटीचा मुद्दा किती लढावा लागतो, ते पुण्यात दिसले आहे. 'बर्गर किंग' या नावाचे उपाहारगृह तेथे १९९२ च्या सुमारापासून चालू होते, अमेरिकन कंपनीचे पहिले दुकान हिंदुस्थानात २०१४ साली उघडले, आणि २०११ पासून चाललेला कंपनीचा दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला. परंतु कंपनी अपिलात गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या उपाहारगृहास ते नाव वापरण्यास मनाई केली. तेरा वर्षे वकील देऊन लढण्याची ज्याची ऐपत होती, त्याच्या वहिवाटीची तेव्हा ही स्थिती झाली.

कधी कधी मात्र कुंपणाला लोक स्वतःच पायाखाली तुडवितात. नाला खोलीकरण असो की विहीर खोदाई, आमच्याकडे यंत्र येते ते एकतर 'पोकलेन' किंवा 'जेसीबी', मग त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव रंगविलेले असो. पोकलेन ही मूळची फ्रान्सची कंपनी, तिची यंत्रे लार्सन अँड टुब्रोने परवान्याने हिंदुस्थानात बनविली. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची तीन अक्षरे, त्यांचा उद्योग १९४५ सालचा. ज्या नावासाठी कंपनीने आयुष्य वेचले तेच नाव प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रासही लागावे, ही कंपन्यांना सर्वांत भिववणारी कीर्ती होय. अमेरिकेत 'अ‍ॅस्पिरिन' आणि 'एस्कलेटर' ही नावे अशाच लोकप्रियतेपायी मालकांच्या हातून निसटली. आपला कायदा याबाबत मालकांना अधिक अनुकूल आहे: कलम ३६ नुसार केवळ लोकांच्या बोलण्यात शब्द सर्रास झाला म्हणून नोंद रद्द होत नाही, त्या धंद्यातल्या व्यापाऱ्यांनीच तो वस्तूचे नाव म्हणून रूढ केला पाहिजे. म्हणजे शेतकऱ्याने कोणत्याही यंत्रास खुशाल पोकलेन म्हणावे. पण यंत्र भाड्याने देणाऱ्याच्या पाटीवर ते नाव कोणत्या यंत्रासाठी लिहिले आहे, याला महत्त्व आहे.

याच्या अगदी उलट मार्गाने जाणारी नोंदही आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली आहे, आणि तिची तुलना व्यापारचिन्हाशी केल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. बालाघाटाच्या उतारांवर, हलक्या, दगडाळ जमिनीत येणाऱ्या बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. व्यापारचिन्हाच्या कायद्यात जे स्थलनाम दुबळे म्हणून नाकारले जाते, तेच या दुसऱ्या कायद्यात सारे बळ ठरते. मात्र ते कोणा एका व्यक्तीच्या वा कंपनीच्या नावे न होता त्या प्रदेशातील उत्पादकांच्या समुदायासाठी नोंदले जाते. या हक्काची विक्री करता येत नाही, तो गहाण ठेवता येत नाही, कोणास परवान्यानेही देता येत नाही, आणि असे मानांकित नाव कोणी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवू पाहील तर या दुसऱ्या कायद्याचे कलम २५ त्यास मज्जाव करते. गायरानाची नोंद गावाच्या नावे करून तिला कुंपण घालण्याचा हा प्रयत्न होय. परंतु येथेही दप्तर आहेच: मानांकनाची खूण अधिकृतपणे लावू इच्छिणाऱ्या प्रत्येक बागायतदारास चेन्नईच्या कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव स्वतंत्र अर्जाने दाखल करावे लागते, आणि व्यापारचिन्हाच्या बाबतीत कोणा कंपनीने आपल्या बोलीतला शब्द मागितला, तर तिच्या अर्जाची जाहिरात व्यापारचिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत कोणाही व्यक्तीला, मग ती व्यापारी असो वा नसो, हरकत घेता येते. त्या हरकतीचे ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गामागे २,७०० रुपये आहे.